सर्दीवर काही न करण्याचं शिक्षण

टॉर्स्टन लेक गावातल्या माणसांच्या सर्दी-खोकल्यावर इलाज करण्याचा अधिकार सध्या फक्त गुरांच्या डॉक्टर ट्रूडी वोगल यांना आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी दचकणार नाही. आता सांगून झालंच आहे, तर ते विसरून जावं. असं काही घडलेलंच नाही. ट्रूडीबाई अजून कुणाच्या तरी गोठ्यात गाईच्या मागच्या बाजूला उभ्या आहेत, जानेवारी चालू आहे, बाहेर अशी थंडी आहे की शिंक अर्ध्या वाटेत गोठावी, आणि माणसांचे डॉक्टर ऑरिन नेसेट आपल्या दवाखान्यात बसून योजनेचं पत्र पुन्हा एकदा वाचत आहेत.

योजना म्हणजे लून आरोग्य योजना. तिचं कार्यालय दूर मिनियापोलिस शहरात. गावातल्या बहुतेकांचा आरोग्यविमा तिच्याकडे असल्यामुळे कुठल्या डॉक्टरने कुठला आजार कितपत बरा करायचा हेही तीच ठरवते. योजनेच्या यादीत आजारापुढे डॉक्टरचं नाव असलं तर त्या आजाराचा पेशंट त्याच्याकडे जाऊ शकतो. नाव गेलं, तर डॉक्टर जागच्या जागी असतो, खुर्ची असते, भिंतीवरचा सांगाडासुद्धा असतो; फक्त पेशंटला आत यायची सोय राहत नाही.

पत्रात लिहिलं होतं की यादीतल्या प्रत्येक डॉक्टरने सामान्य आजारांवरील उपचारांचं निरंतर शिक्षण महिनाअखेर पुरं करावं. डॉक्टर नेसेट यांनी ते जवळजवळ पुरं केलं होतं. रक्तदाब झाला होता, मधुमेह झाला होता, कंबरदुखी झाली होती. सर्पदंशसुद्धा झाला होता, वास्तविक त्या भागात जानेवारीत साप निघाला तर लोक आधी त्याला घरात घेऊन शेकोटीजवळ बसवतील. राहिला होता एकच विषय, आणि एकच तास. विषय होता साधी सर्दी.

डॉक्टरांनी डॉक्टरकी सुरू केल्यापासून जेवढी नाकं पाहिली होती तेवढे चेहरे पाहिले नव्हते. त्यामुळे त्यांचा अपमान झाला हे उघड आहे. पण तो गिळून टाकता आला असता. त्या गावात लोक अपमान गिळून वर कॉफी पितात. खरी काळजी होती मंगळवारची.

दर मंगळवारी सकाळी ह्यालमार स्टेनरूड दवाखान्यात येत. बायको सिग्ने गेल्यापासून ते एकटे राहत होते. येत, कोट काढत, टोपी मांडीवर ठेवत आणि म्हणत, "डॉक्टर, सर्दी वाटते." सर्दी कधीच नसे. डॉक्टर घसा बघत, छातीला नळी लावत, आणि मग दोघं खिडकीतून गोठलेल्या तळ्याकडे बघत बसत. मध्येच कुणीतरी म्हणे, "बर्फ जाड झालाय." बऱ्याच वेळाने दुसरा म्हणे, "जाड आहे खरा." मग ह्यालमार उठत, "बरं वाटतंय आता," म्हणत आणि घरी जात. डॉक्टरांचं नाव यादीतून गेलं, तर हीच सर्दी घेऊन त्यांना जिल्ह्याच्या गावी जावं लागणार होतं, तास-दीड तासाच्या बर्फाळ रस्त्याने, अनोळखी डॉक्टरकडे. ते गेले नसते हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. ते घरीच बसले असते. आणि एकटा बसलेला नॉर्वेजियन वंशाचा म्हातारा किती गप्प बसू शकतो, याला वरची मर्यादा नाही.

म्हणून डॉक्टरांनी योजनेच्या शिक्षण विभागाला फोन लावला. तिथे बेव नावाच्या बाई होत्या. आवाज गोड होता, आणि तसाच राहिला. हेच पुढे त्रासाचं झालं.

"मिनियापोलिसचा वर्ग एप्रिलपर्यंत भरलाय, डॉक्टर," बेव म्हणाल्या. "खरं सांगू का, सर्दीला फार मागणी आहे."

"मग माझी मुदत एप्रिलपर्यंत वाढवा."

"मुदत वाढवायचा अर्ज मुदत संपल्यावर करायचा असतो. पण दुसरा मार्ग आहे. तुम्ही स्वतः गावात व्याख्यान द्या. शिकवणाऱ्याला शिकल्याचंच श्रेय मिळतं."

हे डॉक्टरांना पटलं. एक तास बोलायचं, तेही सर्दीवर. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथून सुरू होतं.

त्यांनी व्याख्यानाचा गोषवारा पाठवला: आराम करा, पातळ पदार्थ घ्या, वाट बघा. दुसऱ्याच दिवशी बेवचा फोन.

"डॉक्टर, सुरेख आहे. फक्त यात तास भरत नाही."

"तुमच्याच मार्गदर्शिकेत एवढंच लिहिलंय."

"हो, पण मार्गदर्शिकेला तास भरायचा नसतो. आणि अजून एक. आपला विषय आहे उपचार. तुम्ही म्हणताय काही करू नका. काही न करणं उपचारात कसं धरायचं?"

"मग सर्दी झालेल्या माणसाला काय देऊ?"

"काहीच देऊ नका, मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. फक्त ते करताय असं दिसू द्या."

बऱ्याच घासाघाशीनंतर व्याख्यानाचं नाव ठरलं: 'साध्या सर्दीवर काही न करण्याच्या आधुनिक पद्धती'. नाव मंजूर झालं. तास अजून रिकामाच होता.

रात्रीच्या जेवणाला डॉक्टरांनी ही व्यथा बायकोपुढे मांडली. व्हर्नाबाई लुथरन पंथाच्या चर्चच्या तळघरात दर बुधवारी कोंबडीचं आणि जंगली तांदळाचं सूप करून विकणाऱ्या बायकांच्या प्रमुख होत्या. सुपाचा पैसा चर्चच्या छपरासाठी जाई. छप्पर डॉक्टरांच्या लग्नाच्या वेळीही गळत होतं आणि अजूनही गळत होतं, त्यामुळे सूप कधी बंद करावं लागलं नाही.

"सूप घाल त्यात," व्हर्ना म्हणाली.

"कशात?"

"व्याख्यानात. पातळ पदार्थ म्हणतोस ना? मग कुठला पातळ पदार्थ ते सांग. लोक काय पाणी ऐकायला येणार आहेत?"

सुपाने तास भरला. कोंबडी, मीठ, वाफ, नाक मोकळं होणं, हे सगळं शास्त्राला धरून अर्धा तास तरी सहज चालत होतं. डॉक्टर खूश झाले. आणि त्याच खुशीत त्यांनी योजनेचा पुढचा कागद भरायला घेतला. त्यात विचारलं होतं: व्याख्यानात उल्लेखलेल्या एखाद्या वस्तूच्या विक्रीशी आपला अथवा आपल्या कुटुंबीयांचा संबंध आहे काय?

दुसरा कुणीही 'नाही' लिहून जेवायला गेला असता. पण डॉक्टर लुथरन होते. कॅथलिकांना कबुलीजबाबासाठी निदान पाद्री आणि पडदा लागतो. लुथरन माणसाला कागदावरची रिकामी ओळ पुरते. डॉक्टरांनी सगळं लिहिलं. बायको सूप विकते हे लिहिलं. स्वतः फुकट खातात हे लिहिलं. उरलेली ओळ रिकामी वाईट दिसत होती म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतात हेही लिहिलं.

शेजारी लाइल ॲस्पेनग्रेन यंत्राने अंगणातला बर्फ उडवत होता. लाइल गावातल्या अंत्यविधीगृहाचा मालक. गावातलं प्रत्येक माणूस एक ना एक दिवस त्याच्याकडे येणारच असल्यामुळे स्वभावाने निवांत. डॉक्टरांनी कागद भरल्याचं सांगितल्यावर त्याने यंत्र बंद केलं.

"लिहिलंस कशाला?"

"विचारलं होतं."

"मलाही विचारतात. गिऱ्हाइकांच्या काही तक्रारी? मी लिहितो, नाहीत. आजवर एकानेही केलेली नाही." मग थोडा विचार करून तो म्हणाला, "मी असतो तर त्यात सुपाऐवजी पाणी लिहिलं असतं. पाण्याचा मालक सापडत नाही."

सल्ला उत्तम होता. टॉर्स्टन लेकमधले सगळेच सल्ले उत्तम असतात. ते कागद टपालात पडल्यानंतर मिळतात, एवढंच.

बेवचा फोन आला तेव्हा आवाजातला गोडवा तसाच होता, पण तो आता लांबून येत होता. "डॉक्टर, हे सूप काय प्रकरण आहे?"

"सूप आहे, बेव. कोंबडीचं."

"व्याख्यानावर व्यापारी प्रभाव दिसतोय."

"छपरासाठी असतो तो पैसा."

"सगळे असंच काहीतरी म्हणतात, डॉक्टर. मागे एक जण बोटीसाठी म्हणाला होता. घाबरू नका, यावर नियम आहे. प्रतिस्पर्धी उत्पादनाला तेवढाच वेळ द्यायचा, आणि व्याख्यान तटस्थ जागी ठेवायचं."

प्रतिस्पर्धी उत्पादन रस्त्याच्या पलीकडेच होतं. कॅथलिक चर्चमध्ये दर शुक्रवारी आग्नेस वोगल, म्हणजे गुरांच्या डॉक्टर ट्रूडीबाईंच्या आई, कणकेच्या गोळ्यांचं कोंबडीचं सूप करत. ही दोन सुपं आजवर एका टेबलावर आली नव्हती. धर्मसुधारणेनंतर युरोपात तीस वर्षं लढाई झाली आणि देशच्या देश ओस पडले. टॉर्स्टन लेकमध्ये तोच वाद लोकांनी बुधवार-शुक्रवार अशी वाटणी करून मिटवला होता. आता एका सर्दीपायी तो उकरला जाणार होता.

डॉक्टर स्वतः आग्नेसबाईंकडे गेले. व्याख्यानात सुपाला वेळ द्यायचाच झाला तर तुमच्याही सुपाला देतो, असं आडून आडून सुचवलं. आग्नेसबाईंनी तिथल्या रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "आता तुम्ही इतकं म्हणताय तर भांडं मोठं आणते."

मग तटस्थ जागा. लुथरन तळघर बाद, कॅथलिक तळघर बाद. शाळेत दोन्ही पंथांची मुलं होती, पण मुख्याध्यापक लुथरन. बँकेचं सभागृह लहान. शेवटी दोन्हीकडचे लोक जिथे बिनतक्रार येतात अशी एकच जागा गावात उरली, आणि ती लाइलची होती.

"शनिवारी रिकामं आहे," लाइल म्हणाला. "आत्तापर्यंत तरी."

एवढ्यावर घोडं गंगेत न्हायला हवं होतं. पण योजनेला श्रोतेही हवे होते, आणि त्यांत राज्याचा परवाना असलेले किमान दोन. गावात डॉक्टर एकच, आणि तो बोलणार होता.

"नर्स शार्लीन चालेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"नर्सांचं शिक्षण वेगळ्या विभागात असतं. तिथे वेगळ्या बाई आहेत. शरीराशी संबंधित परवाना असलेलं दुसरं कुणी नाही का?"

डॉक्टरांनी अगदी नाइलाजाने ट्रूडी वोगल आणि लाइल ॲस्पेनग्रेन ही नावं सांगितली. सांगताना दोघांचे व्यवसायही सांगितले, कारण लपवणं त्यांना जमत नव्हतं. बेवनी ते ऐकलं आणि संगणकाला विचारलं. परवाना आहे? आहे. राज्याचा? राज्याचा. शरीराशी संबंध? आहे. कुणाच्या शरीराशी आणि ते कुठल्या अवस्थेत, हे विचारायला संगणकात जागा नव्हती. दोन्ही नावं हिरवी झाली.

शनिवारच्या आधीचा मंगळवार. ह्यालमार आले, कोट काढला, टोपी मांडीवर ठेवली. "डॉक्टर, सर्दी वाटते." आणि ते शिंकले.

डॉक्टर दचकले. त्यांनी घसा पाहिला. नाक पाहिलं. पुन्हा घसा पाहिला. "ह्यालमार, तुम्हाला खरोखर सर्दी झाली आहे."

"मग इतकी वर्षं मी काय सांगतोय?"

दोघं खिडकीबाहेर बघत बसले. तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या छोट्या खोपट्या उभ्या होत्या. बर्फाच्या जाडीबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं. मग टोपीकडे बघत ह्यालमार म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून जिल्ह्याला जावं लागणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"कुणी नाही. लाइल."

"नाही लागणार. शनिवारी व्याख्यान झालं की मिटलं."

"तसं झालं तर बरं," ह्यालमार म्हणाले. "नाही झालं तरी चालेल."

त्या गावात 'चालेल' या शब्दाचा अर्थ माहीत असलेल्या माणसाला त्या रात्री झोप लागणं कठीण होतं. डॉक्टरांना लागली नाही. शिवाय घसाही खवखवत होता.

शनिवारी सकाळी डॉक्टरांचं नाक लाल, डोळ्यांतून पाणी. नियम असा होता की सर्दीची लक्षणं असलेल्या व्यक्तीला शिक्षणाच्या सभागृहात प्रवेश नाही. हा नियम बेवना माहीत होता, डॉक्टरांची सर्दी बेवना माहीत नव्हती, आणि मध्ये शेकडो मैल बर्फ होता. तरी डॉक्टरांनी फोन उचललाच.

"फोन ठेव खाली," व्हर्ना म्हणाली.

"विचारलं तर?"

"कोण विचारतंय? तूच फोन करतोयस."

पण तोवर बेव फोनवर आल्या होत्या. "अरेरे, डॉक्टर. मग काही घेतलंत का?"

"काही घ्यायचं नसतं. तोच माझा विषय आहे."

"ते खरं. पण मग तुम्हाला आत नाही जाता येणार. तंदुरुस्तीचा दाखला आणा एखाद्या डॉक्टरचा."

"गावात डॉक्टर मीच आहे."

"स्वतःचा स्वतःला चालत नाही. पण आत जायचं नाही एवढंच ना? बाहेरून बोला."

अशा रीतीने सर्दीवरचं व्याख्यान देणाऱ्या माणसाला सर्दी झाल्यामुळे व्याख्यानाबाहेर बसावं लागलं. डॉक्टरांनी गाडी अंत्यविधीगृहाच्या आवारात, शववाहिकेच्या शेजारी लावली, इंजिन चालू ठेवलं, मांडीवर घोंगडी घेतली आणि आत फोन लावला. आतला फोन कुठे ठेवायचा याचा लाइलने फारसा विचार केला नाही. त्याच्या सभागृहात लोकांनी जिकडे बघायचं असतं अशी एकच जागा आहे. त्याने फोन एरवी शवपेटी ठेवतात त्या उंच चौथऱ्यावर ठेवला, ध्वनिवर्धक लावला, आणि हाताला सवय असल्यामुळे दोन्ही बाजूंना पांढरी फुलं ठेवून वरचा मंद दिवा लावला.

गाव लोटलं होतं. जानेवारीत तिथे दुसरं काही नसतं, आणि दोन्ही सुपं एका छताखाली आली आहेत ही बातमी सगळीकडे पोचली होती. लोक आत येत, डोक्यावरच्या टोप्या काढत, आणि पायांनाही सवय असल्यामुळे रांगेने चौथऱ्यापाशी जाऊन फोनसमोर मान खाली घालून क्षणभर उभे राहत.

"आवाज किती नेहमीसारखा वाटतो," एक बाई पुटपुटल्या.

"लाइलचं काम चांगलं असतं," दुसऱ्या म्हणाल्या; मेलेल्या माणसाला झोपल्यासारखं सजवणं हे लाइलचं काम.

डॉक्टर गाडीत बसून हे सगळं ऐकत होते. जिवंतपणी ज्याला हे ऐकायला मिळतं त्याने नम्र व्हायला हवं. डॉक्टरांना फक्त पायाची बोटं जाणवेनाशी झाली होती.

व्याख्यान मात्र रंगलं. डॉक्टर मध्ये मध्ये शिंकत, ते प्रात्यक्षिक समजून लोक मान डोलवत. दोन्ही सुपांना घड्याळ लावून सारखा वेळ मिळाला. तांदूळ आणि कणकेचे गोळे या दोहोंविषयी डॉक्टर इतकं समतोल बोलले की त्यांना स्वतःला कुठलं आवडतं याचा त्यांनाच विसर पडला. सूप वाढलं गेलं. व्हर्नाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा शुक्रवारचं सूप चाखलं आणि म्हणाल्या, "वेगळं आहे." आग्नेसबाईंनी बुधवारचं चाखलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात भरपूर आहे." याहून कठोर शब्द त्या गावात जाहीरपणे कुणी उच्चारलेले नव्हते. मग दोघींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि लोकांनी श्वास सोडला.

शेवटी प्रश्न विचारायचे होते. कुणी विचारेना. मग मागच्या रांगेतून ह्यालमार उठले. त्यांनाही सर्दी होती, पण श्रोत्यांना सर्दीची बंदी आहे हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांना गाडीतून दिसत नव्हतं.

"प्रश्न नाही," ते फोनकडे बघून म्हणाले. "एवढंच सांगायचंय. मी दर आठवड्याला जातो. डॉक्टर काही करत नाही. पण जे करत नाही ते नीट करतो."

ते खाली बसले. त्या गावात कुणी एवढं लांब बोललं की दोन-चार दिवस त्याला विश्रांती लागते. गाडीत डॉक्टरांनी नाक पुसलं, मग डोळे पुसले. सर्दीचं एक बरं असतं, दोन्हींचं कारण एकच सांगता येतं.

आता अभिप्राय. योजनेने प्रत्येकाला एक कागद दिला होता. व्याख्यान कसं वाटलं? पाच चौकोन: उत्कृष्ट, चांगलं, ठीक, सुमार, वाईट. इथे टॉर्स्टन लेकच्या माणसांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या गावात 'वाईट नव्हतं' ही स्तुतीची शेवटची पायरी आहे. तिच्या वर फक्त देव. डॉक्टरांची थोरली मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी तिला हातात घेऊन 'चालेल की' म्हटलं होतं, आणि इतकं भावनेच्या आहारी जाणं बरं नव्हे असं त्यांच्या वडिलांचं मत पडलं होतं. तेव्हा गावाने एकमताने, भरल्या पोटाने आणि भरल्या मनाने, मधल्या चौकोनात खूण केली. ठीक.

सोमवारी बेवचा फोन आला. "डॉक्टर, मला वाईट वाटतं. व्याख्यात्याला श्रेय मिळायला सरासरी 'चांगलं' लागते. तुमची अगदी मधोमध आली आहे. लोकांना आवडलं नाही वाटतं."

"लोक उठून उभे राहिले होते, बेव."

"टाळ्यांसाठी?"

"घरी जायला. पण कोट घालून दारातच गप्पा मारत उभे राहिले, अंधार पडेपर्यंत."

बेव न्यू जर्सीहून नोकरीसाठी आलेल्या होत्या. त्यांना याचा अर्थ लागला नाही. "तुमच्या पत्नीनेसुद्धा 'ठीक'च लिहिलंय," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवून व्हर्नाकडे पाहिलं.

"मग काय लिहू?" व्हर्ना म्हणाली. "'चांगलं' लिहिलं असतं तर गाव म्हणालं असतं, नवऱ्याची टिमकी वाजवते."

"आणि व्याख्यात्याच्या स्वतःच्या अभिप्रायाची प्रत आहे," बेव पुढे म्हणाल्या. "तिथे तुम्ही 'सुमार' लिहिलंय."

ते त्यांनी मनापासून लिहिलं होतं.

राहिले दोन परवानाधारक श्रोते. त्यांची शेवटी एक छोटी परीक्षा होती. लाइलने सगळी उत्तरं बरोबर लिहिली, पण 'रुग्ण बरा न झाल्यास आपला काही आर्थिक फायदा होतो काय?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'हो' लिहून तो बाद झाला. वर मला 'लिहिलंस कशाला' म्हणायला हाच आला होता, ही डॉक्टरांची टिप्पणी पूर्ण समर्थनीय आहे. ट्रूडीबाई मात्र उत्तीर्ण झाल्या. आणि महिना संपला तेव्हा योजनेच्या यादीत, टॉर्स्टन लेक परिसर, साधी सर्दी, या रकान्यात एकच नाव होतं.

ट्रूडीबाई रबरी बूट घालूनच डॉक्टरांकडे आल्या. "डॉक्टर, मला लाज वाटते. मी हे परत पाठवते. काल एक बाई नाक दाखवायला आल्या. मी सवयीने त्यांचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वाईट नव्हतं."

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. मग म्हणाले, "परत पाठवू नका, डॉक्टर. तुमचं नाव आहे तोवर गावाला जिल्ह्याला जावं लागणार नाही." हे म्हणताना त्यांना काय वाटलं ते सांगायची गरज नाही. त्यांना विचारलं असतं तर ते 'चालेल' म्हणाले असते.

पुढच्या मंगळवारी ह्यालमार गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथे बाकावर एक मेंढपाळी कुत्रा बसला होता आणि त्याच्या पलीकडे, टोपी मांडीवर ठेवून, डॉक्टर नेसेट.

"तू इथे काय करतोस?" ह्यालमारनी विचारलं.

"काही नाही."

"मग ठीक."

ट्रूडीबाईंनी ह्यालमारना वासरांच्या काट्यावर उभं केलं, घसा पाहिला, मानेवर थोपटलं आणि बाहेर पाठवलं. ते कुत्र्याच्या अलीकडे बसले. समोर खिडकी होती. त्यातून तळं दिसत नव्हतं, शेणाचा गोठलेला ढीग दिसत होता. बऱ्याच वेळाने ह्यालमार म्हणाले, "जाड आहे."

"जाड आहे खरा," डॉक्टर म्हणाले.

काही आठवडे असे बरे गेले. अडचण एवढीच की डॉक्टरांचा स्वभाव बदललेला नव्हता. एका सकाळी त्यांनी आपण होऊन बेवना फोन केला आणि हे सगळं कळवलं, कारण कळवलेलं बरं. बेवनी मार्गदर्शिका उघडली. काही न करणं हाच साध्या सर्दीवरचा मान्य उपचार होता. डॉक्टरांनीच त्याला आधुनिक पद्धती असं नाव मिळवून दिलं होतं. म्हणजे डॉक्टर दर मंगळवारी अधिकार नसताना उपचार करत होते. तातडीने लेखी खुलासा हवा होता. व्हर्नाने या वेळी फोन हिसकावून घेण्याचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

खुलाशाच्या शेवटी डॉक्टरांनी जोडलेली विनंती अशी:

'मा. संचालक, शिक्षण विभाग, लून आरोग्य योजना, यांस सविनय सादर. अर्जदार दर मंगळवारी सकाळी टॉर्स्टन लेक येथील पशुवैद्यकीय दवाखान्याच्या बाकावर श्री. ह्यालमार स्टेनरूड यांच्या शेजारी बसून काहीही करत नाही. सदर काहीही न करणे हे उपचार न समजता खाजगी समजण्यात यावे. तसे समजणे नियमात बसत नसल्यास, अर्जदाराने बाकावर घालवलेला वेळ साध्या सर्दीवरील निरंतर शिक्षणात धरून घ्यावा, व मूल्यमापनासाठी श्री. स्टेनरूड यांचा अभिप्राय ग्राह्य मानावा. मात्र तो 'ठीक' असा येईल, तो 'उत्कृष्ट' असा वाचण्यात यावा. तसेच योजनेच्या अखत्यारीत असल्यास, सदर दवाखान्याची खिडकी तळ्याच्या बाजूस फिरवून मिळावी.'